थोरल्याची खुंटी

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं, काचेला साधा चरादेखील नव्हता, आणि तरीही पाचांपैकी एक वेणी नाहीशी झाली होती.

टोप बनवणाऱ्यांचं ते घर. पुढे दुकान आणि त्याला लागून बसायची खोली, मध्ये कारखाना, मागे राहायच्या खोल्या. नाटकवाले, आजारपणात केस गेलेले, आणि केस जाण्याची फक्त भीती बसलेले, असे सगळे या घराची पायरी चढत. या घराचा एक जुना दंडक होता. ज्याला दुसऱ्याच्या केसांना हात लावायचाय त्याने आधी स्वतःचे कापायचे. त्यांची वीतभर लांब वेणी घालायची, मुळाकडून दोऱ्याने बांधायची आणि कारखान्यातल्या काचेच्या कपाटात टांगायची. बाप्यांनासुद्धा सुटका नव्हती. ते त्यासाठी दोन-दोन वर्षं केस वाढवत आणि गल्लीभर चेष्टा सोसत. कपाटात पाच खुंट्या होत्या. पहिली कैलासवासी मालकांची, दुसरी मालकीणबाईंची, तिसरी थोरल्याची, चौथी धाकट्याची, पाचवी धाकट्या सुनेची. आज सकाळी तिसरी रिकामी निघाली.

"चोर सापडलेलाच आहे, मावशी," धाकटा म्हणाला. "पुढच्या खोलीत बसलाय. तुम्ही फक्त तुमच्या तोंडाने सांगा, म्हणजे आईची खात्री पटेल. पोलीस नकोत. उद्या सकाळी आईच्या हृदयाचं ऑपरेशन आहे."

मावशी म्हणायचं एवढंच, नातं काही नव्हतं; तिला सगळे भिंगबाई म्हणत. पोलिसांच्या प्रयोगशाळेत केस तपासण्यात तिची उमर गेली होती. निवृत्त झाल्यावरही गळ्यातलं भिंग काही उतरलं नव्हतं. स्वतःचे केस मात्र तिने मुलासारखे बारीक कापून टाकले होते. आपण मागे पुरावा ठेवत नाही, असं ती सांगे. घाई करणारा माणूस तिला डोळ्यांसमोर नको असे, आणि धाकटा नेमका तसाच होता. गालावर ताजा काप, त्यावर चिकटवलेला कापूस, आणि बोलण्यात सगळी उत्तरं आधीच तयार.

"चोर कोण म्हणालात?"

"काल संध्याकाळी एक पोरगी आली. म्हणे, मी तुमच्या थोरल्याची मुलगी. तिचे केस बघा म्हणजे कळेल. तांबडे! तांब्याच्या तारेसारखे! आमचा दादा काळाभोर, वहिनी काळीभोर. खाण तशी माती असते ना, मावशी? दोन काळ्यांच्या पोटी तांबडं कुठून येणार? आणि दादाची वेणीच तर तिचं बिंग फोडणार होती. म्हणून रात्रीत लांबवली. हे बघा, पुरावाच ठेवून गेलीय."

त्याने कागदाची पुडी उलगडली. आत एकच केस होता, वीतभर लांब, तांबडा. कपाटातल्या खुंटीला अडकलेला मिळाला होता.

भिंगबाईने तो चिमट्यात धरून खिडकीपाशी नेला. एक टोक पाहिलं, मग दुसरं. मग मधला भाग पाहायला लागली ती पाहतच राहिली. धाकटा चुळबुळला, खाकरला, शेवटी गप्प बसला.

"हा केस कुठल्याही डोक्यावरून गळलेला नाही," ती म्हणाली. "गळलेल्या केसाला एका अंगाला मूळ असतं. हा दोन्हीकडून कापलेला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचा चोर पुढच्या खोलीत नसावा. कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली माझ्याकडे द्या. आता मी सांगेपर्यंत या घरातून कुणी बाहेर जायचं नाही."

२

पोरगी बाकावर ताठ बसली होती. वीस-एकवीसची असेल. खिडकीतून येणारं ऊन केसांवर पडलं होतं आणि त्या मळकट खोलीत बघण्यासारखं तेवढंच होतं. रडून डोळे सुजले होते, पण मान खाली नव्हती.

"काढून घ्या," भिंगबाईने विचारायच्या आत तिने एक केस उपटून पुढे केला. "मुळासकट आहे. पाहिजे ती चाचणी करा. काल काकांनाही हेच म्हटलं. त्यांनीच सांगितलं, निकाल यायला तीन आठवडे लागतात. आणि आजी म्हणाल्या, माझं रक्त कोणतं ते मला कागदाने शिकवायचं नाही."

"इतकी वर्षं नाही आलीस. नेमकी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बरी उगवलीस! दुकानाचा वाटा पाहिजे?"

"दुकान जाळा तुमचं!" ती उसळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला एक वाक्य पाहिजे. माझं बारसं याच घरात झालं. मला पाळण्यात घातलं, माझं टोपडं निघालं, आणि आलेल्या सगळ्यांसमोर कुणीतरी विचारलं, ही कुणावर गेली? सगळे हसले. मग हसायचे थांबले. आजोबा म्हणाले, हे आमच्या घरातलं नाही, सूनबाईंनाच ठाऊक कुठलं ते. सगळ्यांसमोर. बाबांनी त्याच दिवशी घर सोडलं. गेल्या साली ते वारले तेव्हा आईने मला पहिल्यांदा हे सांगितलं. ती अजून चारचौघांत जात नाही. आजोबा तर गेले. उद्या आजींचं काही बरंवाईट झालं, तर माझी आई खोटी नव्हती हे सांगायला या घरातलं कुणी उरणार नाही. काकू तेव्हा आलेल्या नव्हत्या, आणि काका शाळेत होते."

भिंगबाईने विनाकारण भिंग पुसायला घेतलं. तिला अशा वेळी स्वतःचाच राग येई, म्हणून ती जास्तच कोरडेपणाने म्हणाली, "आईच्या माहेरी तांबडं कुणी?"

"आईच्या मामाची दाढी. पण तिला कुणी विचारलंच नाही."

"काल तू वेण्यांबद्दल काय बोललीस?"

"म्हटलं, उद्या सकाळी या पाचही वेण्या खाली काढा, उलगडा, नीट बघा. कुठेतरी तांबडं निघेलच. हे सगळ्यांसमोर म्हटलं. आजीही दारात खुर्चीवर होत्या."

"आणि रात्री?"

"मी इथेच झोपले. झोप कसली लागते! कपाटाच्या किल्लीचा आवाज आला, पण पावलांचा नाही आला. मला वाटलं भास झाला. या घरात दार उघडून बघायची माझी हिंमत झाली नाही."

भिंगबाईने तिचा केस त्या दुसऱ्या केसाशेजारी ठेवला. रंग सख्ख्या बहिणींसारखा. पण पोरीचा केस मुळापासून टोकापर्यंत एकसारखा तांबडा होता. पुडीतल्या केसावर मात्र ठरावीक अंतराने काळे पट्टे होते. तांबडा, काळा, तांबडा, काळा. एखाद्याने मोजून रंगवल्यासारखे.

डोक्यावरचा केस असा कोण रंगवतो? कुणीच नाही. मग हा केस कुठे असताना रंगला? तिला उत्तर सुचलं आणि ती उठून कारखान्याकडे निघाली.

३

कारखान्यात वस्ताद एकटेच कामाला बसले होते. मालकांच्या वेळचा माणूस. समोरच्या लाकडी डोक्यावर न्यायाधीशाचा पांढरा टोप चढवलेला होता, नाटकासाठीचा.

"याकचे केस?" भिंगबाईने टोपाला बोट लावलं.

"ओळखलंत! राठ असतात, पण बाक छान धरतात. काल दिवसभर हाच कातरत होतो. संध्याकाळी ती पोर आली, आरडाओरडा झाला, जमीन झाडायची राहूनच गेली. आज सकाळी आल्याबरोबर पहिला झाडू मारला."

तिने बोलता बोलता भिंतीवरची एक कात्री काढली आणि पुडीचा दोरा कापायला गेली. कात्रीने दोरा नुसता चावला.

"ती नाही चालायची तुम्हाला," वस्ताद म्हणाले. "थोरल्याची आहे. डावखुरा होता. मीच बनवून आणली होती. सगळं उलटं करायचा, पण हात असा गोड की बघत राहावं."

"किल्ल्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक धाकट्यांकडे, एक मालकीणबाईंच्या उशाखाली. पण त्यांना आता कुठलं उठवतंय! दारापर्यंत न्यायचं तर खुर्ची लागते."

"वस्ताद, या पाचांपैकी एखादी वेणी रंगवलेली आहे का?"

म्हाताऱ्याचा हात टोपावर थांबला. नंतर तो पुन्हा चालू झाला, पण सुई चुकीच्या छिद्रात गेली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई," तो हळूच म्हणाला. "या घराचं मीठ खाल्लंय मी. मला विचारू नका."

एवढं उत्तर तिला पुरलं.

धाकटी सून दुकानात रंगांचे नमुने लावत होती. गिऱ्हाइकाच्या कानामागची एक बट बघून हुबेहूब रंग जुळवावा तो तिनेच. तिने पोरीचे केस कालच बघून घेतले होते.

"अस्सल आहेत, मावशी. मुळाशी आणि टोकाला एकच रंग. बाटलीतून असला रंग येत असता तर मी नसता का आणला?" मग आवाज खाली करून म्हणाली, "माझ्या नवऱ्यावर संशय घेऊ नका. गडबड्या आहे, पण चोर नाही. आज पहाटे उठून दाढी करत बसला, कापूनही घेतलं. सासूबाईंचा नियमच आहे, घरातल्या पुरुषाने खुंट ठेवायचे नाहीत. गिऱ्हाईक केस बघायला येतं म्हणतात. एरवी हा आठ वाजता करतो. आज कसली एवढी घाई?"

"आणि सासूबाई कशा आहेत?"

"बिनसलंय त्यांचं. रोज सकाळी मी वेणीफणी करते त्यांची. हातात मावतील एवढेसे राहिलेत केस, तरी त्या दहा मिनिटांत आम्ही दोघी जरा बोलतो. आज म्हणाल्या, नको, हात लावू नकोस. डोक्याला रुमाल गुंडाळून बसल्यात. मला वाटतं, ऑपरेशनची भीती."

 भिंगबाईने धाकट्याला हाक मारली, आणि तो आला तसा त्याला दुकानाच्या दारातल्या मोठ्या दिव्याखाली उभा केला. बाहेर संध्याकाळ व्हायला आली होती. पहाटे केलेल्या दाढीचे खुंट आता डोकावू लागले होते.

"कापूस काढा," ती म्हणाली.

"कशाला?"

"काढा म्हणते ना!"

त्याने कापूस काढला. दिव्याच्या उजेडात त्याच्या काळ्याभोर केसांच्या खाली, हनुवटीवर, गंजासारखी तांबूस झाक चमकत होती. धाकट्या सुनेच्या हातातला नमुना खाली पडला. रोज बघितलेल्या त्या चेहऱ्याकडे तिने आज रंग जुळवायच्या नजरेने पाहिलं होतं.

"चोराच्या मनात चांदणं," भिंगबाई म्हणाली. "म्हणून पहाटे दाढी. पोरीने तुमची हनुवटी बघितली तर, याची भीती. होय की नाही?"

धाकट्याने कापूस परत गालावर दाबला. "दादाचीही अशीच यायची," तो म्हणाला. "पण मावशी, शपथ घेतो, वेणीला मी हात लावलेला नाही!"

४

मालकीणबाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा कागदासारखा, पण नजर करड्या मास्तरणीची. डोक्याला पांढरा रुमाल, मानेमागे अंबाड्याचा फुगवटा. पायांत लोकरीचे मोजे.

"झाली तपासणी?" त्या म्हणाल्या. "पोरीला जाऊ द्या. पोलिसांत नका देऊ. लहान आहे."

"तिने चोरी केलीय असं तुम्हाला वाटतं?"

"मला काय कळणार? मी पंधरा दिवसांत कारखान्यात पाऊल टाकलेलं नाही."

भिंगबाईने पलंगाच्या पायथ्याशी सरकलेलं पांघरूण नीट केलं. नीट करताना तिचा हात मोज्याच्या तळव्यावरून फिरला. बोटांना बारीक, राठ काहीतरी टोचलं. ते तिने मुठीत घेतलं.

"पडा तुम्ही," ती म्हणाली. "मी पुन्हा एकदा कपाट बघून येते."

कपाट उघडून तिने चारही वेण्यांवरून भिंग फिरवलं. मालकांची वेणी धुळीने मढलेली. धाकट्याचीही, सुनेचीही. वर्षातून एकदा कपाट झाडलं जाई, त्याला बरेच महिने झाले होते. दुसऱ्या खुंटीवरची, मालकीणबाईंची वेणी मात्र लख्ख होती, आत्ता झटकल्यासारखी.

"वस्ताद," तिने हाक मारली, "तुम्ही केस टांगण्याआधी काय करता?"

"धूळ झटकतो. सवयच आहे. मळका केस खुंटीवर चढवायचा नाही, पहिल्याच दिवशी शिकवतात. झोपेतसुद्धा हात तेच करेल."

तिने त्या लख्ख वेणीचा मुळाकडचा दोरा पाहिला. इतर तिन्ही वेण्यांवर दोरा डावीकडून उजवीकडे चढत गेला होता. या वेणीवर तो उलटा फिरला होता.

ती एवढ्या जोराने मागे सरकली की वस्ताद दचकले.

"थोरल्याची वेणी चोरीला गेलेलीच नाही," ती म्हणाली. "ती काय, इथेच आहे. सगळ्यांना मागच्या खोलीत बोलवा. त्या पोरीलाही."

५

खोलीत सगळे भिंतींना टेकून उभे राहिले. पोरगी दारातच थांबली, आत ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

"आधी दोन दोरे द्या मला, वस्ताद," भिंगबाई म्हणाली. "एक काळा, एक तांबडा. हं. धाकटे, तुम्ही म्हणालात, दोन काळ्यांच्या पोटी तांबडं येत नाही. येतं. केसांचा रंग हा पुष्कळ जनुकांचा मिळून कारभार असतो. काळा, तपकिरी, सोनेरी, कितीतरी छटा. पण हा असा तांबडा रंग बहुतांशी एकाच जनुकावर चालतो. ते जनुक प्रत्येकाच्या अंगात जोडीने असतं, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. हे दोन दोरे म्हणजे ती जोडी समजा. एक काळा, एक तांबडा असला, तर डोकं काळंच दिसतं. तांबडा आत दडून बसतो. फार तर दाढीत डोकावतो."

धाकट्याचा हात आपोआप हनुवटीकडे गेला.

"असा माणूस आपल्या पोराला जोडीतला एकच दोरा देतो, काळा नाहीतर तांबडा. आई आणि बाप दोघेही असे असले आणि दोघांनीही नेमका तांबडा दिला, तर चारात एखादं मूल असं जन्मतं." तिने पोरीकडे बोट केलं. "या मुलीच्या अंगात दोन तांबडे दोरे आहेत. त्यातला एक आईचा, कारण आईच्या मामाची दाढी तांबडी होती. दुसरा बापाचा. बाप तांबडा दिसायलाच हवा असं मुळीच नाही. प्रश्न इतकाच, थोरल्याच्या अंगात तो दोरा होता का? आणि असला तर आला कुठून? त्याचं उत्तर कपाटात टांगलेलं होतं. म्हणून ते रात्रीत नाहीसं झालं."

"पण गेली ती दादाची वेणी," धाकटा म्हणाला.

"खुंटी दादाची रिकामी झाली. वेणी दुसरीच गेली. दुसऱ्या खुंटीवर आज जी वेणी आहे तिचा दोरा उलट्या हाताने गुंडाळलेला आहे. या घरात डावखुरा एकच होता. चोराने दुसऱ्या खुंटीवरची वेणी उचलली आणि तिच्या जागी थोरल्याची टांगली, म्हणजे रिकामी खुंटी थोरल्याची दिसावी. टांगण्याआधी धूळ झटकली! परका माणूस झटकेल का? चोरी करतानाही ज्याचा हात केसाची निगा विसरत नाही, तो याच कारखान्यात घडलेला. आणि त्या गडबडीत खुंटीला एक केस अडकून राहिला. तांबडा, पण ठरावीक अंतराने काळा. कारण तो वेणीत गुंफलेला असताना वेणी रंगात बुडवली होती. जिथे केस वर आला तिथे काळा झाला, जिथे आत गेला तिथे तसाच राहिला."

वस्तादांनी डोळे मिटून घेतले.

"दुसरी खुंटी कुणाची?" पोरगी दारातून म्हणाली. 

एकेक नजर पलंगाकडे वळली. सगळ्यांना खुंट्या पाठ होत्या.

भिंगबाईने मूठ उघडली. तळहातावर पांढरं बारीक कातरण होतं. "हे याकचे केस. काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत कारखान्याच्या जमिनीवर पडलेले होते. आत्ता मला ते लोकरीच्या मोज्याच्या तळव्याला मिळाले. मोज्यांच्या पावलांचा आवाज येत नाही, मालकीणबाई. भिंत धरत धरत एवढं अंतर तुम्ही चालून गेलात. या हृदयाने! मेला असतात वाटेत!"

"आई?" धाकटा म्हणाला.

"वेणी कुठे असेल, यावर मी बराच वेळ डोकं खाजवलं," भिंगबाई पुढे म्हणाली. "जाळता येत नाही, केस जळाला की घरभर कळतं. टाकून देववत नाही, स्वतःची पहिली वेणी ती. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. केस लपवायला सगळ्यात चांगली जागा डोकं. म्हणून आज सुनेला वेणीफणी करू दिली नाहीत."

 मालकीणबाईंचा श्वास घरघरू लागला. भिंगबाईला क्षणभर वाटलं, आपण फार केलं, आता हे हृदय इथेच थांबायचं. सून पुढे झाली, पण म्हातारीने हाताने तिला अडवलं.

"तुम्ही तेव्हा गप्प बसलात," भिंगबाई हळू आवाजात म्हणाली. "पाळण्यात तांबडं डोकं बघताच तुम्हाला कळलं असणार, हे कुठून आलं. एका गप्प बसण्याने सून गेली, मुलगा गेला. काल रात्रीपासून पुन्हा गप्प आहात. या वेळी नात चोर ठरत होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते ऐकून होते, पण असं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं."

मालकीणबाईंचे हात सराईतपणे मानेमागे गेले.  रुमाल सुटला. पांढऱ्या विरळ केसांत खोचलेली काळी वेणी त्यांनी काढून मांडीवर ठेवली, आणि जन्मभर ज्या बोटांनी लोकांचे केस विंचरले त्याच बोटांनी ती उलगडू लागल्या. एक पेड सुटला, दुसरा सुटला. आतून तांबडा रंग बाहेर आला, इतक्या वर्षांनी, जसाच्या तसा. धाकटी सून दाराकडे बघायला लागली. दारातल्या डोक्याशी तो रंग जुळवायला तिला नमुन्याची गरज नव्हती.

"सासूबाईंनी लग्नाच्या आधीच माझी वेणी कापून तशीच रंगात बुडवली आणि डोक्यावरचे केसही काळे करून घेतले," मालकीणबाई म्हणाल्या. "म्हणाल्या, टोपवाल्यांच्या घरात लालतोंडी सून! गिऱ्हाइकं हसतील. कुणाला कळता कामा नये. मग दर पंधरवड्याला वस्ताद रंग कालवून देत. दोन्ही मुलं काळी झाली तेव्हा मी सुटले. वाटलं, माझ्यापाशीच संपला तो रंग. आणि मग ही." त्यांनी पहिल्यांदा पोरीकडे नीट पाहिलं. "टोपडं निघालं तेव्हा मी तुला ओळखलं होतं गं. ह्यांनी ते बोलून टाकलं आणि मला वाटलं, आत्ता सांगते, आत्ता सांगते. मग ती दोघं निघून गेली आणि सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं?" पोरगी म्हणाली. "वीस वर्षं?"

"नाही. राहून नाही गेलं," म्हातारी म्हणाली. "मी भ्यायले."

भिंगबाई धाकट्याकडे वळली. "ज्या बाईचे केस जन्मजात तांबडे, तिच्याकडे द्यायला दुसरा दोरा नसतोच. तिचं प्रत्येक मूल तांबडा दोरा घेऊनच येतं. तुम्ही आलात, तुमचा दादाही आला. चाचणी करायची तर खुशाल करा, मुलगी तयारच आहे. पण तिच्या केसांकडे बोट दाखवून तिच्या आईला खोटं म्हणायला या घरात आता कुणालाही जागा नाही."

धाकटा पोरीपुढे जाऊन उभा राहिला.  "आत ये," तो म्हणाला. "दारात का उभी आहेस? आणि... चोर म्हणालो ते माझ्या मूर्खपणाला माफ कर."

पोरगी आत आली, पण बसली नाही. तिने फोन काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन आजीच्या मांडीवर, उलगडलेल्या केसांवर ठेवला.

"हॅलो?" पलीकडून एका बाईचा दमलेला आवाज आला. "काय गं? बरी आहेस ना? काही बोलले का ते तुला?"

"सूनबाई, मी बोलतेय," म्हातारी म्हणाली.

 फोन कट झाला की काय, म्हणून धाकटा वाकून बघायला लागला.

"तू खोटी नव्हतीस," मालकीणबाई पुटपुटल्या. "तो रंग माझा आहे."

"ऐकू नाही आलं," पलीकडचा आवाज म्हणाला. तो आता दमलेला नव्हता. "तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं होतं. मोठ्याने म्हटलं होतं."

म्हातारीने धाकट्या सुनेला खुणेने दार उघडायला सांगितलं, मग कारखान्याचं, मग दुकानाचं. दुकानात दोन गिऱ्हाइकं थांबली होती, ती वळून बघायला लागली. भिंगबाई पुढे होऊन म्हातारीला थांबवणार होती, कारण त्या चेहऱ्याचा रंग तिला आवडला नव्हता. पण ती थांबली. हे वाक्य तिच्या मालकीचं नव्हतं.

मालकीणबाई उशीवरून सरळ झाल्या. छातीवर हात दाबून, कारखान्यापलीकडे दुकानाच्या पायरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझी थोरली सून खरी होती! ही मुलगी आमची आहे! तिचे केस माझे आहेत! खोटी मी होते!"

मग त्या मागे कलल्या. नातीने त्यांना धरलं. धरताना तिची वेणी पुढे आली आणि म्हातारीच्या हातातल्या केसांवर पडली. भिंगबाईने भिंग गळ्यात सोडून दिलं. आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि डोळ्यांना धड दिसतही नव्हतं.

 मग फोनमधून त्या बाईने विचारलं,

"उद्या ऑपरेशन किती वाजता आहे?"